नवजातिवर्णनाची समीक्षा : आखूडपंखी भुंगेऱ्यांच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

मराठीत कविता, कथा, कादंबरी आणि नाटक यांच्या समीक्षेची परंपरा दीर्घ व समृद्ध आहे. विज्ञानविषयक लेखनाकडे मात्र आपण समीक्षेच्या दृष्टीने क्वचितच पाहतो. शोधनिबंध छापून आला की त्यातील निष्कर्ष तेवढा उद्धृत केला जातो. तो निबंध कसा रचलेला आहे, त्यातील विधानांना आधार कोणता आणि त्याने कोणता वाचक गृहीत धरला आहे, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. प्राणिशास्त्रातील नव्या जातीचे वर्णन हा तर असा लेखनप्रकार आहे, की त्या विषयाबाहेरचा प्राध्यापक तो चाळूनही पाहत नाही. वस्तुतः या लेखनप्रकाराला पक्के नियम आहेत, स्वतःची परिभाषा आहे, अडीचशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि गुणदोषही आहेत.

प्रस्तुत शोधनिबंधात स्टॅफिलिनिडी या कुलातील भुंगेऱ्यांच्या संदर्भात नवजातिवर्णनाची समीक्षा करण्याचा प्रयत्न केला आहे. हा विषय सुचण्यास एक स्थानिक कारण घडले. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. वरच्या अंगाला येलदरी आणि खाली सिद्धेश्वर अशी ही जोडधरणे होत. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी मागे सरते आणि काठावर ओल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. या पट्ट्यात विद्यार्थ्यांसमवेत कीटकांचे नमुने गोळा करताना प्रस्तुत लेखकाला सुमारे साडेतीन मिलिमीटर लांबीचे दोन भुंगेरे मिळाले. उपलब्ध ग्रंथांतील कोणत्याही वर्णनात ते नीट बसेनात. 'ही नवीच जाती दिसते, निबंध करून टाका,' असा स्नेहाचा सल्लाही मिळाला. तो सल्ला स्वीकारावा की नाकारावा, या विचारातून हा निबंध सिद्ध झाला आहे. नवी जाती म्हणजे नेमके काय सांगणे आणि ते सांगण्याचा अधिकार लेखकाला कशामुळे प्राप्त होतो, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

१. आखूडपंखी भुंगेरे : विषयाची व्याप्ती

स्टॅफिलिनिडी हे भुंगेऱ्यांचे आज ज्ञात असलेले सर्वांत मोठे कुल होय. या कुलातील ६६ हजारांहून अधिक जातींचे वर्णन झालेले आहे. मराठीत या कुलास सर्वमान्य असे नाव नाही. इतर भुंगेऱ्यांचे कठीण पंखकवच संपूर्ण उदर झाकते. या कुलातील बहुसंख्य जातींत मात्र ते आखूड असते आणि उदराचे बरेचसे खंड उघडे राहतात. या लक्षणावरून प्रस्तुत निबंधात 'आखूडपंखी भुंगेरे' हा शब्दप्रयोग केला आहे. आखूड कवचाखाली उडण्याचे पातळ पंख अनेक घड्या घालून ठेवलेले असतात, त्यामुळे यांतील पुष्कळ जाती उत्तम उडू शकतात. पालापाचोळा, शेण, कुजणारी लाकडे, नदीकाठचा गाळ, मुंग्यांची व वाळवीची वारुळे ही त्यांची ठिकाणे होत. बहुतेक जाती इतर लहान कीटकांवर व त्यांच्या अळ्यांवर जगतात.

या कुलातील पीडेरस या वंशाची ओळख पावसाळ्यात अनेकांना नकळत झालेली असते. दिव्याकडे आलेला नारिंगी-काळा किडा अंगावर चिरडला गेला की काही तासांनी, बहुधा दुसऱ्या दिवशी, त्वचेवर भाजल्यासारखा पट्टा उमटतो. हा किडा चावत नाही किंवा डंखही मारत नाही. त्याच्या शरीरद्रवातील पेडेरिन नावाच्या विषारी द्रव्यामुळे हा दाह होतो. हे द्रव्य भुंगेऱ्याचे स्वतःचे नसून त्याच्या शरीरात राहणाऱ्या जिवाणूंनी तयार केलेले असते, असे योर्न पील यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून पुढे आले. हाच किडा शेतातील उपद्रवी कीटकही खातो. एकाच प्राण्याविषयीची ही दोन्ही विधाने खरी असण्यासाठी ती नेमक्या कोणत्या जातीविषयी केली आहेत, हे ठाऊक असावे लागते. जातीचे नाव हा वैद्यक आणि कृषी या दोन्ही ज्ञानशाखांचा पाया आहे, तो असा. पाया चुकीचा असेल तर त्यावर रचलेली पुढची माहितीही चुकते.

२. नवजातिवर्णनाची रचना

प्राणिनामकरणाचा आरंभ कार्ल लिनियसच्या 'सिस्टेमा नातुरे' या ग्रंथाच्या १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून मानला जातो. आज हा व्यवहार प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेने नियमित केलेला आहे. या संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून अमलात आली. तिच्यातील काही तरतुदी आपल्या विवेचनासाठी महत्त्वाच्या आहेत. नाव लॅटिन लिपीत असले पाहिजे. १९३० नंतर दिलेल्या नावासोबत ती जाती इतरांपासून वेगळी दाखवणारे शब्दांतील वर्णन असले पाहिजे. १९९९ नंतरच्या वर्णनात नामधारक नमुना, म्हणजे होलोटाइप, स्पष्टपणे निश्चित केला पाहिजे आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे अथवा ठेवला जाणार आहे, हेही सांगितले पाहिजे. २०१२ पासून केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध होणारी नामकरणेही ग्राह्य धरली जातात. मात्र त्या प्रकाशनाची झूबँक या अधिकृत नोंदवहीत नोंदणी आवश्यक असते.

यांतून वर्णनाचा परिचित साचा तयार झाला आहे. नाव, तपासलेले नमुने, व्यवच्छेदक लक्षणे, सविस्तर वर्णन, जवळच्या जातींशी तुलना, प्रमाणस्थळ आणि नामव्युत्पत्ती हे त्याचे घटक होत. वरवर पाहता हे लेखन रूक्ष वाटते. क्रियापदे जवळजवळ नसतातच. विशेषणे आणि मापे यांचीच रांग असते. तथापि या रूक्षतेमागे एक युक्तिवाद असतो. 'हा किडा मला अपरिचित आहे' हे आत्मनिवेदन झाले. 'हा किडा विज्ञानाला अपरिचित आहे' हे विधान मात्र त्या वंशातील आजवर वर्णिलेल्या सर्व जातींविषयी केलेले विधान असते. ते सिद्ध करण्याची जबाबदारी लेखकावर येते. म्हणून नवजातिवर्णन हे केवळ वर्णन नसून तो एक दावा आहे आणि दाव्याप्रमाणेच त्याची परीक्षा झाली पाहिजे.

३. लक्षणदोषांची कसोटी

या परीक्षेसाठी बाहेरून कसोटी आणण्याची गरज नाही. भारतीय न्यायशास्त्राने लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत : अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. 'तर्कसंग्रह'च्या अध्यापनात गाईचे उदाहरण नेहमी दिले जाते. कपिल वर्ण हे गाईचे लक्षण मानले तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. शिंगे असणे हे लक्षण मानले तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. एकसंध खूर हे लक्षण मानले तर एकही गाय त्यात बसत नाही, हा असंभव. ज्याला विज्ञानात डायग्नोसिस म्हणतात, त्याला मराठी परिभाषेने 'व्यवच्छेदक लक्षण' हा याच परंपरेतला शब्द दिला आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

ही कसोटी प्रत्यक्ष लावून पाहू. १८२६ मध्ये कर्टिसने नाव दिलेल्या पीडेरस फुस्किपेस या जातीचे मराठीत असे वर्णन करता येईल : 'शरीर सडपातळ, लांबी सुमारे सात मिलिमीटर. डोके काळे. वक्षाचा पुढचा खंड नारिंगी. पंखकवच निळ्या-हिरव्या धातूची झाक असलेले. उदराचे दिसणारे पहिले चार खंड नारिंगी, शेवटचे दोन काळे.' हे वर्णन अचूक आहे. सामान्य वाचक त्यावरून किडा ओळखू शकेल. परंतु व्यवच्छेदक लक्षण म्हणून ते अपुरे आहे; कारण याच रंगसंगतीच्या पीडेरस वंशात अनेक जाती आहेत. येथे अतिव्याप्तीचा दोष येतो. या जाती एकमेकींपासून वेगळ्या करण्यासाठी नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली सोडवून त्याचा आकार पाहावा लागतो. आखूडपंखी भुंगेऱ्यांच्या असंख्य वंशांत हीच स्थिती आहे.

उलट दोषही तितकाच संभवतो. एकाच नमुन्यावर आधारलेले वर्णन त्या एका जिवाचा आकार, रंगाचा गडदपणा आणि शृंगिकेच्या खंडांची मापे जातीची लक्षणे म्हणून नोंदवते. त्याच जातीचा थोडा लहान किंवा नुकताच कोशातून बाहेर आलेला फिकट नमुना मग त्या वर्णनात बसत नाही. ही अव्याप्ती होय. पुढे कोणी त्या फिकट नमुन्यालाही नवे नाव देतो आणि एका प्राण्याची दोन नावे होतात. संहितेच्या अग्रक्रमाच्या तत्त्वानुसार जुने नाव टिकते, नवे समानार्थी ठरते. परंतु ते नाव वाङ्मयातून पुसले जात नाही. पुढील प्रत्येक अभ्यासकाला ते वाचावे लागते, त्याचा नमुना शोधावा लागतो आणि मगच बाजूला सारता येते. चुकीच्या कवितेचा भार कोणावर पडत नाही. चुकीच्या नवजातिवर्णनाचा भार मात्र पुढच्या पिढ्या वाहतात.

४. वालोनचे किडे : एक जुना दाखला

महाराष्ट्राच्या भूमीतून वर्णिल्या गेलेल्या आखूडपंखी भुंगेऱ्यांचा एक लक्षणीय दाखला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापडतो. एरिख वासमन (१८५९-१९३१) हा जेझुइट कीटकशास्त्रज्ञ मुंग्या व वाळवी यांच्या वारुळांत राहणाऱ्या पाहुण्या कीटकांचा अभ्यासक होता. तत्कालीन मुंबई इलाख्यातील अहमदनगर जिल्ह्यातून हाइम नावाचे जेझुइट पाद्री त्याच्याकडे नमुने पाठवीत. या नमुन्यांवर आधारलेला वासमनचा जर्मन निबंध १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याने टर्मिटोडिस्कस हा नवा वंश स्थापन केला आणि संग्राहकाच्या नावावरून एका जातीस टर्मिटोडिस्कस हायमी असे नाव दिले. हा अतिशय लहान भुंगेरा वाळवीच्या वारुळात राहतो. त्याचे शरीर ढालीसारखे रुंद व चपटे असून डोके वक्षाच्या कवचाखाली दडलेले असते. यजमान वाळवीला त्याला पकडता येऊ नये, या दृष्टीने ही रचना अर्थपूर्ण मानली जाते. वाळवी आणि चकती या दोन्ही कल्पना वंशाच्या नावातच आल्या आहेत.

वासमनच्या लेखनाचा मोठा गुण असा, की त्याने पाहुण्या किड्यासोबत यजमानाचीही नोंद केली. कोणता भुंगेरा कोणत्या वाळवीच्या वारुळात मिळाला, हे त्याच्या लेखनात महत्त्वाचे ठरते. त्यामुळे त्याचे वर्णन मृत नमुन्यापुरते मर्यादित न राहता जीवनक्रमाकडे निर्देश करते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात अध्यापन करणारे जोसेफ आसमुट यांनीही खंडाळा परिसरातून त्याला वारुळातील कीटक पुरवले. एक महाविद्यालयीन अध्यापक जागतिक संशोधनात आपला वाटा कसा उचलू शकतो, याचे हे उदाहरण आजही विचारार्ह आहे. डोरिलोझेनस या वंशाच्या आफ्रिकेतील जाती लष्करी मुंग्यांच्या सोबतीने राहतात, तर भारतातील डोरिलोझेनस ट्रान्सफ्यूगा ही जाती वाळवीच्या वारुळात आढळली. या विरोधातून वासमनने जातींच्या परिवर्तनाविषयी अनुमान मांडले. 'ट्रान्सफ्यूगा' म्हणजे पक्ष सोडून गेलेला, फितूर. येथे नाव हेच अनुमानाचे संक्षिप्त रूप झाले आहे.

या लेखनाची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. प्रमाणस्थळाचे नाव 'वालोन' असे छापले गेले. १९०२ मध्ये वासमनने याच स्थळावरून एका वाळवीला दिलेले नाव आज ओडोंटोटर्मिस वालोनेन्सिस या रूपात रूढ आहे. भारतातील वाळवीविषयीच्या असंख्य याद्यांत ते येते. म्हणजे नगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) एक गाव शंभर वर्षांहून अधिक काळ विज्ञानाच्या वाङ्मयात नांदते आहे. परंतु त्या परकीय हिज्ज्यावरून त्या गावच्या माणसाला आपले गाव ओळखता येणार नाही. संग्राहक पाद्र्याचे नाव टिकले. वारूळ कोठे आहे हे ज्यांना ठाऊक होते आणि ज्यांनी ते खणून दिले असेल, त्या गावकऱ्यांच्या ज्ञानाला वर्णनाच्या साच्यात जागाच नव्हती. नमुनेही युरोपात गेले. वासमनचा संग्रह नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथील निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. स्थळ येथले, नमुना तेथला आणि भाषा जर्मन, अशी ही विभागणी आहे. यात वासमनचा वैयक्तिक दोष मानण्याचे कारण नाही. त्या काळातील ज्ञानव्यवहाराची रचनाच तशी होती. परंतु आज आपण लिहिताना तीच रचना निमूटपणे चालवावी का, हा प्रश्न आपला आहे.

५. कॅमेरनचा ग्रंथ आणि 'न बसणारा' किडा

भारतीय आखूडपंखी भुंगेऱ्यांच्या अभ्यासाचा मूलाधार म्हणजे माल्कम कॅमेरन या ब्रिटिश नौदलातील शल्यचिकित्सकाचा 'फौना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेतील चार खंडांचा ग्रंथ. हे खंड १९३० ते १९३९ या काळात प्रसिद्ध झाले. एका व्यक्तीने एवढ्या मोठ्या कुलाचा संपूर्ण उपखंडापुरता आढावा घ्यावा, हे कार्य असामान्य आहे. आजही भारतातील अभ्यासक आपला पहिला प्रश्न याच ग्रंथाला विचारतो.

परंतु या ग्रंथाचा उपयोग करताना त्याची मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. त्यातील सामग्रीत हिमालयाच्या रांगा, डेहराडून-मसुरीचा परिसर, निलगिरी अशा संकलन झालेल्या प्रदेशांचा वाटा मोठा आहे. दख्खनच्या पठारावरील काळ्या मातीचा, ज्वारी-कापसाचा प्रदेश त्या मानाने संग्राहकांच्या वाटेवर नव्हता. शिवाय त्या काळातील वर्णने मुख्यतः रंग, आकार आणि पृष्ठभागावरील ठिपक्यांची ठेवण यांवर आधारलेली आहेत. आज निर्णायक मानल्या जाणाऱ्या नरजननांगाच्या आकृती त्यांत सहसा मिळत नाहीत. ग्रंथ प्रसिद्ध होऊन आठ दशकांहून अधिक काळ लोटला आहे. या काळात देशविदेशांत झालेली वर्णने त्यात असणे शक्यच नाही.

यातून निघणारा निष्कर्ष साधा, पण महत्त्वाचा आहे. एखादा किडा कॅमेरनच्या ओळख-किल्लीत बसला नाही, यावरून तो नवा ठरत नाही. तो नंतर वर्णिलेला असू शकतो. तो श्रीलंका, म्यानमार किंवा आफ्रिकेतून पूर्वीच ज्ञात असू शकतो. किंवा तो कॅमेरनच्याच एखाद्या जातीचा असून वर्णनाच्या त्रोटकपणामुळे ओळखू येत नसेल. शेवटच्या शक्यतेचा निकाल मूळ नामधारक नमुना पाहूनच लागतो आणि कॅमेरनचा संग्रह लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी अध्यापन करणाऱ्या प्राध्यापकाची खरी अडचण येथे आहे. उत्साहाची किंवा बुद्धीची उणीव नसते. तुलनेसाठी लागणारा नमुना हजारो किलोमीटर दूर असतो. अलीकडे अनेक संग्रहालये नमुन्यांची छायाचित्रे उपलब्ध करून देतात आणि जनुकीय तुलनाही शक्य झाली आहे. त्यामुळे ही अडचण कमी झाली असली तरी संपलेली नाही.

या पार्श्वभूमीवर तुलनेचा परिच्छेद हा नवजातिवर्णनाचा प्राण ठरतो. अनेक निबंधांत सविस्तर वर्णन तीन पानांचे आणि तुलना दोन ओळींची असते. 'ही जाती अमुक जातीस जवळची असून रंग व आकार यांत भिन्न आहे' एवढ्यावर तुलना संपते. ज्या जातीशी तुलना केली तिचा नमुना पाहिला की केवळ वर्णन वाचले, हेही कळत नाही. समीक्षकाने, म्हणजे येथे निबंध तपासणाऱ्या सहअभ्यासकाने, प्रथम याच परिच्छेदावर बोट ठेवले पाहिजे.

६. नमुना, कायदा आणि पदोन्नती

दावा तपासता यावा यासाठी नमुना जपला गेला पाहिजे. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्याने शोधलेल्या जातीची माहिती नियुक्त भांडारास कळवणे व तिचे नमुने तेथे जमा करणे बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था हे असे भांडार आहे. या संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात असल्याने मराठवाड्यातील अभ्यासकाला ही तरतूद पाळणे अवघड नाही. असे असूनही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील कपाटात ठेवलेला होलोटाइप ही कल्पना आपल्याकडे अनेकांना खटकत नाही. प्राध्यापक निवृत्त होतो, विभाग दुसऱ्या इमारतीत जातो, बाटलीतील अल्कोहोल उडून जाते, चिठ्ठीवरची शाई पुसट होते. नमुना नष्ट झाला की त्या नावाचा पुरावाही जातो आणि नाव मात्र छापील स्वरूपात उरते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने शैक्षणिक कामगिरीचे गुण मोजण्याची पद्धत आणली. तेव्हापासून प्रकाशनांची संख्या हा अध्यापकाच्या पदोन्नतीचा विषय झाला. नवजातिवर्णनाच्या दृष्टीने याचा परिणाम विचार करण्याजोगा आहे. एखाद्या वंशाची संपूर्ण फेरतपासणी करण्यास अनेक वर्षे लागतात आणि त्यातून एक निबंध निघतो. एकेका नमुन्यावर एकेक 'नवी जाती' जाहीर केल्यास तेवढ्याच अवधीत अनेक निबंध निघतात. गुणपत्रकाला या दोहोंतील फरक कळत नाही. मग नामव्युत्पत्तीचा परिच्छेदही वरिष्ठांच्या गौरवाचे साधन होऊन बसतो. संहिता व्यक्तिनामावरून जातीस नाव देण्यास मनाई करत नाही. तरीही ज्या भूमीतून जाती आली तिच्याविषयी नावाने काही सांगितले, तर ते नाव पुढच्या अभ्यासकाला अधिक उपयोगी पडते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

७. भाषेचा प्रश्न

नावासाठी लॅटिन लिपी आवश्यक असली तरी वर्णनाच्या भाषेविषयी प्राणिनामकरण संहितेने सक्ती केलेली नाही. वनस्पतिशास्त्रात २०११ च्या अखेरपर्यंत लॅटिनची अट होती; त्यानंतर लॅटिन किंवा इंग्रजी यांपैकी एक भाषा चालते. प्राणिशास्त्रातील संहितेची १३ब ही शिफारस मात्र वेगळ्या वळणाची आहे. व्यवच्छेदक लक्षणे आंतरराष्ट्रीय वापरातील भाषेत द्यावीत आणि त्यासोबत ज्या प्रदेशाशी त्या प्राण्याचा संबंध आहे तेथील भाषांतही द्यावीत, असा तिचा आशय आहे. ही शिफारस आहे, नियम नव्हे. तरीही सिद्धेश्वरच्या काठावरील भुंगेऱ्याचे व्यवच्छेदक लक्षण मराठीत लिहिणे हे भावनिक हट्टाचे नव्हे, तर आंतरराष्ट्रीय संहितेला अपेक्षित असे कृत्य ठरते.

यावर आक्षेप घेतला जाईल, की मराठीत परिभाषा नाही. हा आक्षेप अंशतः खरा आहे. शृंगिका, वक्ष, उदर, खंड, कुल, गण, वंश, जाती असे शब्द मराठी विश्वकोशाने आणि पाठ्यपुस्तकांनी रुळवले आहेत. अडचण आहे ती शिस्तीची. 'प्रजाती' हा शब्द परिभाषेत वंशासाठी योजला गेला, तर वृत्तपत्रे तो सर्रास जातीसाठी वापरतात. परिणामी 'नवी प्रजाती सापडली' या मथळ्याखाली नवा वंश सापडला की नवी जाती, हे वाचकाला कळत नाही. ज्या शब्दावर सारा दावा उभा आहे, तोच शब्द संदिग्ध असणे ही गंभीर गोष्ट आहे.

मराठीत लिहिण्याचा आणखी एक लाभ आहे. इंग्रजी वर्णनातील ठराविक वाक्ये एका निबंधातून दुसऱ्यात सहज उतरवता येतात; लिहिणाऱ्याला त्यांचा अर्थ कळलाच पाहिजे असे नाही. तेच लक्षण मराठीत सांगायचे तर तयार साचा हाताशी नसतो. ठिपके खोल आहेत की उथळ, दाट आहेत की विरळ, केस आडवे आहेत की उभे, हे पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरवावे लागते. भाषेचा बदल निरीक्षणाची फेरतपासणी घडवतो. विद्यार्थ्याला मराठीत लक्षण लिहावयास सांगितले की त्याला काय दिसले आणि काय दिसले नाही, हे लगेच उघड होते. हा अनुभव अनेक अध्यापकांना असेल.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. नवजातिवर्णन हा युक्तिवादाचा प्रकार असून त्याची समीक्षा वर्णनाच्या विस्तारावरून न करता व्यवच्छेदाच्या बळावरून केली पाहिजे. अव्याप्ती, अतिव्याप्ती व असंभव ही कसोटी त्यासाठी आजही समर्थ आहे.

२. वासमनच्या लेखनातून यजमान व परिसर यांची नोंद घेण्याची दृष्टी स्वीकारावी. प्रमाणस्थळाचे नाव मात्र स्थानिक उच्चारानुसार देवनागरीत, तालुका, जिल्हा व अक्षांश-रेखांशांसह द्यावे आणि नमुना गोळा करण्यास साहाय्य करणाऱ्यांचा नामनिर्देश करावा.

३. कॅमेरनच्या ग्रंथात न आढळणे हा नवेपणाचा पुरावा नव्हे. मूळ नमुन्याशी किंवा त्याच्या विश्वसनीय चित्राशी तुलना झाल्याशिवाय नवे नाव देऊ नये.

४. होलोटाइप अधिकृत भांडारातच जमा करावा.

५. संहितेच्या शिफारशीनुसार महाराष्ट्रातील नव्या जातींची व्यवच्छेदक लक्षणे मराठीतही द्यावीत. महाविद्यालयांच्या संशोधनपत्रिका हे कार्य सहज करू शकतील.

६. स्थानिक भुंगेऱ्यांच्या ज्ञात जातींची प्रदेशनिहाय यादी हेही संशोधनच आहे. नव्या जातीच्या शोधाइतकेच मोल तिला मिळाले पाहिजे.

आरंभी उल्लेखिलेल्या दोन भुंगेऱ्यांविषयी एवढेच सांगावयाचे, की ते दोन्ही मादी निघाले. त्या गटात जाती निश्चित करणारे लक्षण नराच्या शरीरात असते. त्यामुळे नवेपणाचा दावा करण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला नव्हता आणि मिळालेला सल्ला नाकारावा लागला. त्या नमुन्यांच्या बाटलीत 'स्टॅफिलिनिडी, जाती अनिश्चित, सिद्धेश्वर जलाशयाचा काठ, ओला गाळ' अशी चिठ्ठी आहे. या चिठ्ठीला प्रकाशनसंख्येत स्थान नाही. परंतु तिच्यातील प्रत्येक शब्द खरा आहे आणि पुढे जो कोणी अभ्यासक त्या गाळावर पाणी ओतून नर शोधेल, त्याला आरंभ करण्यासाठी ती पुरेशी आहे.